लिटर कुठून आला, शेर कुठे गेला



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तिथेच लटकून राहिला. गटाची वही लिहिणाऱ्या ताईंना त्यांच्या मुलीने विचारलं होतं, आई, लिटर म्हणजे काय गं? उत्तर कुणीतरी लगेच दिलं. हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर. मग मिलिलिटर म्हणजे काय? तर लिटरचा हजारावा भाग. फिरून फिरून भोपळे चौकात. मुलगी काही गप्प बसेना आणि वही काही पुढे सरकेना.

तो प्रश्न आम्ही आज हातात घेतलाय. कारण साधं आहे. दूध आपण लिटरने घालतो, तेल लिटरने आणतो, उन्हाळ्यात टँकर आला की पाणीसुद्धा लिटरने वाटून घेतो. ज्या शब्दावर घरातला पैसा येतो आणि जातो, तो शब्द कुठून आला, त्याच्या पोटात नेमकं किती मावतं आणि ते कुणी ठरवलं, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

आमच्या गटाने तालुक्याच्या गावी दुधाचा रतीब घालायला घेतला तेव्हा मापं नवी घ्यायची ठरली. आम्ही चौघी एसटीने स्वारगेटला उतरलो आणि तिथून बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठ गणपतीचं दर्शन घेतलं आणि मागच्या बाजूला एका जुन्या भांड्यांच्या दुकानात शिरलो. मालक म्हातारे होते. आम्ही म्हटलं, लिटरचं माप दाखवा. त्यांनी विचारलं, शिक्क्याचं की बिनशिक्क्याचं? आमच्यातली एक म्हणाली, दोन्ही दाखवा, भाव काय ते बघू. बिनशिक्क्याचं बरंच स्वस्त होतं. दिसायला दोन्ही सारखीच, चकचकीत. काका म्हणाले, "स्वस्त आहे, पण ते भांडं आहे. हे माप आहे." हे वाक्य आम्ही तिथेच लिहून घेतलं.

मग त्यांनी फळीवरून दोन जुने पितळी शेर काढले. दोन वेगवेगळ्या तालुक्यांतून मोडीत आलेले. एक काठोकाठ पाण्याने भरला आणि दुसऱ्यात ओतला. पाणी काठावरून सांडून गल्ल्यावर आलं. दोघांचंही नाव शेर. दोघांनीही त्यांच्या त्यांच्या गावात पन्नास-साठ वर्षं दूध मोजलेलं. आता यातला खरा कोणता? काका म्हणाले, दोन्ही खरे, ज्याच्या त्याच्या बाजारात.

लिटर का आला, याचं उत्तर त्या सांडलेल्या पाण्यात आहे. पण आधी आपल्या जुन्या मापांकडे बघू या, कारण आपल्यातल्या आज्यांना ती अजून तोंडपाठ आहेत आणि त्यांच्या नंतर ती सांगायला कुणी नाही. दोन निळव्यांचं एक कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे मण आणि खंडी. बघा, पायलीपर्यंत सगळं दुपटीने वाढतं. याला कारण आहे. ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिलाही अर्धं करता येत होतं आणि दुप्पट करता येत होतं. दाणे दोन सारख्या ढिगांत वाटायला शाळा लागत नाही. दहाने भागायला मात्र लागते.

दूध-तेलाला शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक आणि छटाक. अच्छेर म्हणजे अर्धा शेर. पाव म्हणजे चौथा भाग, संस्कृतातल्या 'पाद'वरून, म्हणजे चार पायांतला एक. नवटाक म्हणजे काय? टाक नावाचं एक लहान वजन होतं, बहात्तर टाकांचा शेर. त्यातले नऊ टाक म्हणजे नवटाक. बहात्तरात नऊ आठ वेळा जातात, म्हणून नवटाक हा शेराचा आठवा भाग आणि पावशेराचा निम्मा. आता नवटाक म्हटल्यावर काही जणींना दूध-तेल न आठवता गुत्ता आठवला असेल. त्याला इलाज नाही. मापं मोडीत निघाली आणि पावशेर, नवटाक हे शब्द दारूच्या दुकानात जाऊन राहिले. चांगल्या घरच्या शब्दांची अशी परवड झालेली आम्हाला मुळीच आवडत नाही.

हा शेर मात्र दोन तऱ्हांचा होता, हे लक्षात घ्या. एक तराजूतला शेर, वजनाचा. दुसरा भांड्यातला शेर, म्हणजे मावेल तेवढा. बाजरीचा मापी शेर आणि पोह्यांचा मापी शेर तराजूत टाकले तर पोहे पार वर उचलले जातील. नाव एक, वस्तू दोन. इंग्रजांच्या अमलात वजनाचा शेर ८० तोळ्यांचा धरला गेला, म्हणजे आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅमच्या आसपास. पण सगळ्याच बाजारांनी तो मानला असं नाही. कुठे कच्चा शेर, कुठे पक्का शेर. 'शेरास सव्वाशेर' आपण माणसांबद्दल म्हणतो, पण बाजारात खरोखरचे सव्वाशेरही असत. सावकाराच्या घरी घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं, ही गोष्ट किती आज्यांनी आपल्याला सांगितली आहे.

धान्यात तर आणखी गंमत. माप शीग लावून द्यायचं की सपाट, यावर भांडणं व्हायची. शीग म्हणजे मापाच्या तोंडावर उभा राहिलेला दाण्यांचा डोंगर. खंड घेताना शीग लावून घ्यायचा आणि मजुरी देताना हात फिरवून सपाट द्यायची. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. तो लाभ कुणाचा, हे शीग ठरवायची.

आणि नवी नवरी घरात येते ती माप ओलांडूनच. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं मापटं, तिने उजव्या पायाने हलकेच कलंडायचं. घरातलं माप आजपासून हिच्या हाती, असं आम्हाला तरी त्यात दिसतं. प्रत्यक्षात ते हाती यायला किती वर्षं लागतात, ते सुनांनाच विचारा.

पातळ पदार्थाला शीग नसते. दूध काठाच्या वर उभं राहत नाही. म्हणून वाटतं की त्यात लबाडीला जागा नाही. पण जागा असते. मापाचा बुडखा आत चेपलेला असला की झालं. फेसासकट दूध मापलं की झालं. माप तिरकं धरून ओतलं की झालं. म्हणून दुधाचं माप सरळ धरून, फेस बसू देऊन, काठापर्यंत भरायचं.

तर बुधवार पेठ. त्या दुकानातल्या काकांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. दगडूशेठच्या गणपतीचा उत्सवाचा मांडव जिथे पडतो, त्या जागेला कोतवाल चावडी म्हणतात. आम्ही ते नाव बातम्यांत ऐकलेलं होतं, पण अर्थ कधी मनात आला नव्हता. पेशवाईत पुण्याचा कोतवाल म्हणजे नुसता पोलीस नव्हे. पेठांमधले तंटे, जिनसांचे भाव, रस्त्या-गल्ल्यांची भांडणं, शहरात कोण आलं आणि कोण गेलं, हे सगळं त्याच्याकडे. बाजार नीट चालतोय की नाही, हे बघणारा सरकारचा माणूस. त्याच्याही आधी, अकबर बादशहाच्या काळी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाची कामं सांगितली आहेत. त्यात असं आहे की त्याने वजनं तपासावीत आणि शेर तीस दामांपेक्षा कमी होऊ देऊ नये, जास्तही होऊ देऊ नये. दाम म्हणजे तांब्याचं नाणं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही राज्यकर्त्याला कळत होतं की माप दुकानदाराच्या एकट्याच्या हाती सोडायचं नसतं. अडचण एवढीच होती की राजा बदलला की शेर बदले, मुलूख बदलला की शेर बदले.

हीच अडचण तिकडे फ्रान्स देशातही होती. तिथले शेतकरी जमीनदाराला धान्यात खंड देत आणि मोजायचं माप जमीनदाराच्या वाड्यातलं. ते माप वर्षागणिक थोडं थोडं मोठं होत जाई. १७८९ साली तिथल्या राजाने प्रजेकडून गाऱ्हाणी मागवली, तेव्हा गावोगावच्या गाऱ्हाण्यांत मापांची तक्रार होती. सगळीकडे एकच माप करा, अशी मागणी होती. बघा, आपल्या खळ्यावरची शीग आणि त्यांच्या वाड्यातलं माप, दुखणं एकच. पुढे त्या देशात राज्यक्रांती झाली, राजा गेला, आणि नव्या सरकारने ठरवलं की माप कुणा राजाच्या हातावरून किंवा पायावरून घ्यायचं नाही. घ्यायचं ते पृथ्वीवरून. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. आणि मीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच अशी चौकोनी पेटी केली तर तिच्यात मावेल तेवढा एक लिटर. कायदा झाला ७ एप्रिल १७९५ रोजी.

त्या मुलीला हे सांगा. लिटर म्हणजे दहा सेंटिमीटरची पेटी. तिच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर दहा सेंटिमीटर दाखवा, पुठ्ठ्याची पेटी करा, झाला लिटर.

नाव मात्र त्यांनी नवं काढलं नाही. त्यांच्याकडे 'लित्रों' नावाचं एक जुनं माप होतं, आपल्या मापट्यासारखं, धान्य-मीठ मोजायचं. आजच्या लिटरहून ते लहान होतं. त्याचं मूळ जुन्या ग्रीक भाषेतल्या 'लित्रा' शब्दात. आणि लित्रा हे मूळचं वजन होतं, पुढे त्या नावाचं चांदीचं नाणंही निघालं. म्हणजे आधी वजन, मग धान्याचं माप आणि शेवटी दुधा-पाण्याचं माप. आपल्या शेराचीही चाल अशीच, कधी तराजूत तर कधी भांड्यात. शब्द परका असला तरी वळण ओळखीचं आहे.

इथे एक खोटी गोष्टही सांगून टाकतो, कारण ती फोनवर कधीतरी तुमच्यापर्यंत येईल. क्लोद लित्र नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते, बाटल्या करणाऱ्याच्या घरात जन्मले आणि त्यांच्या नावावरून लिटर हे नाव पडलं, अशी ती गोष्ट. असा कुणी माणूस झालाच नाही. १९७८ साली कॅनडातल्या एका मास्तरांनी रसायनशास्त्राच्या मासिकात गंमत म्हणून ती रचली. त्यामागे कारण होतं. इंग्रजीत लिटरची खूण म्हणून लहान एल काढतात, तो एक या आकड्यासारखा दिसतो आणि घोटाळा होतो. मोठा एल वापरायचा तर तो माणसाच्या नावावरून पडलेल्या मापालाच वापरायची रीत. मग मास्तरांनी माणूसच तयार केला! शहाण्यासुरत्या लोकांनी ती गोष्ट खरी मानून पुढे छापली. दुसऱ्या वर्षी, १९७९ साली, मापांच्या जागतिक परिषदेने मोठ्या एलला परवानगी दिली, माणसाशिवायच. दुधाच्या पिशवीवर तुम्हाला दोन्ही खुणा दिसतात त्या यामुळे.

आपल्याकडे लिटर यायला फार उशीर झाला, आणि या उशिराची गोष्ट आम्हाला सगळ्यांत आवडते. १८७१ साली, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, हिंदुस्थानात वजनमापांचा एक कायदा झाला. त्यात म्हटलं होतं की वजनाचं मूळ माप फ्रान्सच्या किलोग्रॅमएवढं असेल, पण त्याला नाव असेल शेर. आणि असा एक शेर पाणी ज्यात मावेल ते पातळ पदार्थाचं माप. म्हणजे काय, की किलोही शेर आणि लिटरही शेर! माप जगाचं आणि नाव आपलं. पण पुढच्याच वर्षी मेयोसाहेबांचा अंदमानात खून झाला आणि तो कायदा कागदावरच राहिला, कधी अमलातच आला नाही. आला असता तर आज डेअरीच्या पावतीवर 'चार शेर दूध' असं छापून आलं असतं, आणि मघाच्या त्या पितळी शेरांतला खरा कोणता हे काकांना सांगता आलं असतं.

मग स्वातंत्र्य आलं. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. त्याआधी १९५६ सालीच वजनमापांचा नवा कायदा झाला होता. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात यायला लागले, मागोमाग लिटर आला, आणि काही वर्षांत शेर-पायली कायद्याच्या बाहेर गेल्या. मनातून अजून गेलेल्या नाहीत. आजही पुष्कळ आज्या 'पावशेर दूध दे' म्हणतात आणि दूधवाला मुकाट्याने पाव लिटर देतो.

आता कामाचं. फ्रान्समध्ये लिटर ठरला तेव्हा किलोही त्यातूनच काढला. एक लिटर शुद्ध, थंड पाणी तोलायचं, ते भरेल एक किलो. हे नातं तुमच्या घरात, तुमच्या काट्यावर आजही तसंच आहे. विहिरीचं पाणी असो की नळाचं, दोन-पाच ग्रॅमांचा फरक सोडून द्या. रिकामं भांडं तोला, पाण्याने भरून पुन्हा तोला, वजाबाकी करा. एक हजार ग्रॅम पाणी मावलं तर ते लिटर. साडेनऊशे ग्रॅम मावलं तर त्यावर लिटर लिहिलेलं असो नाहीतर सोन्याने कोरलेलं असो, ते लिटर नाही. आमच्या गटाने एका दुपारी घरोघरची भांडी आणून असं मोजलं. स्टीलचे तांबे, प्लास्टिकचे मग, जत्रेतली मापं. लिटर म्हणून विकत आणलेल्या एका प्लास्टिकच्या मापात ९४० ग्रॅमच पाणी मावलं. शिक्क्याच्या मापात बरोबर हजार. हा शिक्का सरकारच्या वैधमापन खात्याचा असतो. त्यात वर्षाचे आकडे असतात आणि ठराविक मुदतीनंतर माप पुन्हा तपासून घ्यावं लागतं. शिक्का जुना झाला असेल तर विचारायला लाजू नका.

दूध मात्र पाण्याहून जड असतं. एक लिटर दूध भरतं साधारण एक किलो तीस ग्रॅम. म्हणजे दहा लिटर दूध काट्यावर दहा किलो तीनशे ग्रॅम. आता संकलन केंद्रावर दूध लिटरच्या मापाने मोजतात की काट्यावर किलोत तोलतात, आणि पावतीवर काय लिहितात, हे बघा. किलोत तोलून त्याचे लिटर करायचे तर १.०३ ने भागायचं, हा सरळ हिशेब. पण लिटरने मोजलेलं दूध किलोच्या भावाने आणि किलो म्हणून लिहिलं, तर दर शंभर लिटरमागे तीन किलो तुमचे गेले. फॅट किती लागलं ते आपण सगळ्या विचारतो. किलो की लिटर हे फारशी कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट काट्याच्या आकड्यांची. आमच्या ओळखीच्या एका केंद्रावर काटा शंभर-शंभर मिलीच्या टप्प्यानेच आकडा दाखवायचा. चार लिटर ३९० मिली दूध घातलं तरी आकडा यायचा ४.३. वरचे नव्वद मिली कुठे गेले? बाईने विचारलं तर उत्तर आलं, एवढ्याशाने काय होतंय? हिशेब मांडू. सकाळी साठ मिली आणि संध्याकाळी साठ मिली, असे रोजचे १२० मिली गेले तर महिन्याला तीन लिटर ६०० मिली झाले. एका घरचे. गावातली अशी पन्नास घरं धरा. गटाच्या बायकांनी ही बेरीज वहीत मांडून केंद्राच्या माणसापुढे ठेवली. भांडण केलं नाही, नुसती वही ठेवली. दहा मिलीपर्यंत दाखवणारा काटा पुढच्या महिन्यात आला.

आणि एक सांगतो. १९०१ साली शास्त्रज्ञांनी लिटरची व्याख्या बदलून पाण्याच्या वजनावर बांधली होती. पुढे त्यांच्या लक्षात आलं की पाण्यावरचा लिटर आणि पेटीचा लिटर यांत किंचित फरक पडतो. किती? दहा लाख भागांत अठ्ठावीस भाग. लिटरमागे अर्ध्या थेंबाएवढा. तेवढ्यासाठी १९६४ साली परिषद भरवून जुनी व्याख्या रद्द केली आणि लिटर पुन्हा दहा सेंटिमीटरच्या पेटीवर आणला. अर्ध्या थेंबासाठी! नव्वद मिलीसाठी आपण तोंड उघडलं तर त्यात काय वावगं?

तेलाचं उलटं आहे. तेल पाण्याहून हलकं. एक लिटर शेंगदाणा तेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम. म्हणून पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असं दोन्ही लिहिलेलं दिसतं. दुकानात पंधरा लिटरचा डबा असतो आणि पंधरा किलोचाही असतो. डबे दिसायला जवळजवळ सारखे. पण पंधरा लिटरच्या डब्यात तेल भरतं तेरा किलो ६५० ग्रॅम. पंधरा किलोच्या डब्याहून एक किलो ३५० ग्रॅम कमी. दिवाळीला डबा घेताना हा आकडा वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. भावाचंही तसंच. समजा पिशवी २१० रुपये लिटर आणि घाण्याचं तेल २२० रुपये किलो. स्वस्त कोणतं? पिशवी वाटते. पण २१० रुपयांत मिळाले ९१० ग्रॅम, म्हणजे किलोला पडले जवळजवळ २३१ रुपये. घाण्याचं तेल स्वस्त निघालं.

तेल तापलं की फुगतं, हे आपण कढईत बघतो. गरम असताना मापून भरलं तर लिटर दिसतो, पण थंड झाल्यावर तेल बसतं आणि वजन कमीच असतं. काही कंपन्या पिशवीवर अमुक तापमानाला एक लिटर असं छापत. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने सांगितलं की तापमान लिहायचं नाही आणि लिटरसोबत वजनही लिहायचं. म्हणून तेल घेताना लिटरकडे नका बघू, खालचे ग्रॅम बघा. आणि ज्या गटांना कोकम सरबत, आवळ्याचा रस असं काही बाटलीत भरून विकायचं आहे, त्यांनी बाटलीवर आत किती आहे, किंमत किती, कुणी भरलं आणि कधी भरलं हे लिहायला हवं, आणि वैधमापन कार्यालयात नोंदणीही करायला हवी. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. साधाच नंबर आहे, दारामागे लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट पैशाची नाही. आशाताई जुलाबासाठी ओआरएसची पुडी देतात. मोठी पुडी असेल तर त्यावर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी. घरात लिटर कुठला? मग तांब्याभर पाणी घेतात. तांब्या पाऊण लिटरचा असला तर मिश्रण खारट होतं, आणि जुलाबाने सुकलेल्या लेकराला ते बाधतं. दोन तांबे घेतले तर फिकं होतं, गुण येत नाही. पुडी नसेल तेव्हा घरी करायचं ते असं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट. शीग नको, मिठाला तर अजिबात नको. म्हणून घरात एक तरी भांडं असं असू द्या, ज्यात लिटर कुठपर्यंत येतो ते तुम्ही स्वतः तोलून पाहिलं आहे. तिथे खिळ्याने बारीकशी रेघ ओढा. लहानग्याच्या हातून नाही, मोठ्या माणसाने ओढा, कारण ती रेघ रात्री-अपरात्री कंदिलाच्या उजेडातही दिसली पाहिजे.

ज्यांच्या घरी काटा नाही, त्यांनी येत्या बाजारच्या दिवशी आपला तांब्या, चरवी, मग, जे काही असेल ते घेऊन आपल्या केंद्रावर या. बुधवार पेठेतून आणलेलं शिक्क्याचं माप तिथे टेबलावर ठेवलेलं आहे. पाण्याची घागरही भरलेली असेल. आज्यांकडे जुना शेर किंवा चिपटं असेल तर तेही आणा, त्यात किती मावतं ते मोजून आम्ही वहीत गावाच्या नावासकट लिहून घेतोय.